पटरभर जागा

गोल्फमध्ये दुसऱ्या नंबराला कप मिळत नाही. टाळ्या मिळतात, हस्तांदोलनं मिळतात, आणि कोणीतरी खांद्यावर हात ठेवून 'वाईट वाटलं हो' म्हणतं. थोडक्याच्या वाट्याला हे सगळं सात वेळा आलं होतं. थोडक्या हे त्याचं खरं नाव नव्हे. टीव्हीवरचा समालोचक दर वेळी जड आवाजात 'थोडक्यात हुकला!' म्हणायचा, ते ऐकून खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडी मंडळींनी हे नाव पाडलं आणि ते त्याला चिकटलं. सुरुवातीला तो चिडायचा. मग सवय झाली. पुढे पुढे तर कोणी हळूच विचारलं की 'हो, मीच तो' असं हसून सांगायलाही शिकला.

तो एकदा जिंकलाही होता, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. समुद्रकाठचं मैदान आणि टोपी हातात धरून चालावं लागेल असा वारा. शेवटच्या ग्रीनवर त्याने चाळीस फुटांवरून पट मारला. पट म्हणजे ग्रीनवरच्या बारीक गवतावरून चेंडू भोकाकडे ढकलायचा तो हलका फटका. पाहणाऱ्याला वाटतं, हे तर आपणही करू. या खेळातली निम्मी रडारड या हलक्या फटक्यावरूनच चालते. त्या दिवशी मात्र चेंडूने दोन वळणं घेतली, कडेवर जरा विचार केला आणि तो गुपचूप आत पडला. लोकांनी थोडक्याला डोक्यावर घेतलं. ती वळणं त्याने वाचलीच नव्हती. ती वाचली होती ताईने.

ताई ही त्याची सख्खी मोठी बहीण आणि त्याची कॅडी. आधी ती शाळेत गणित शिकवायची. थोडक्या व्यावसायिक झाला आणि त्याचा पहिला कॅडी दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या खेळाडूकडे पळाला, तेव्हा 'एवढी एक स्पर्धा' म्हणून तिने बॅग खांद्याला लावली. ती एक स्पर्धा अजून संपायची आहे, असं ती लोकांना सांगायची. वीस वर्षं होत आली होती. तिचं लग्न झालं नाही. म्हणजे ठरत होतं, पण तेव्हा नेमका मोसम सुरू होता, आणि नंतर तो विषय कोणी काढला नाही.

ग्रीनवर ताई चेंडूच्या मागे उकिडवी बसायची, एक डोळा मिटायची, मग भोकापर्यंत चालत जाऊन तळपायांनी उतार चाचपायची. परत येऊन एवढंच म्हणायची, "डावीकडे दोन बोटं." म्हणजे भोकाच्या डाव्या कडेपासून दोन बोटं बाहेर मार, बाकी उतार बघून घेईल. ती सांगायची, हा मारायचा. मध्ये चर्चा नाही. इतर खेळाडू आपल्या कॅडीशी नवराबायकोसारखे भांडायचे. या भावंडांना भांडताना कोणी पाहिलं नव्हतं. चेंडू आत गेला नाही तर चूक हाताची, ताईने सांगितलेल्या वाटेची, म्हणजे लाइनची नाही, हे दोघांना मान्य होतं.

आणि हात चुकायचा. तीन भोकं उरलेली, तीन फटक्यांची आघाडी, आणि याचा चेंडू सरळ झेंड्याच्या काठीवर आपटून उलटा तळ्यात! अशा वेळी माणसाने कोणाला शिव्या द्यायच्या? दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली, ज्यादा भोकं खेळले, आणि समोरच्याने वाळूच्या खड्ड्यातून डोळे मिटून मारावा तसा मारलेला चेंडू थेट आत. तिसऱ्यांदा, सर्वांत मोठ्या स्पर्धेत, दोन फुटांवरचा पट उरला होता. दोन फूट! चहाचा कप हातात घेऊन लोक मारतात. ताई म्हणाली, "सरळ." थोडक्याने पटर, म्हणजे पट मारायची काठी, मागे घेतला आणि त्याच क्षणी उजव्या मनगटात कोणीतरी चिमटा काढावा तसं झालं. चेंडू भोकाच्या कडेने वळसा घालून निघून गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि त्या दिवसापासून तो चिमटाही मनगटात मुक्कामाला राहिला.

मग उपाय सुरू झाले. लांब पटर, आखूड पटर, डाव्या हाताचा पटर. हॉटेलच्या गालिच्यावर पाण्याचे पेले आडवे ठेवून रोज सराव. एका डॉक्टरने मारताना श्वास मोजायला सांगितलं, दुसऱ्याने मोजणं सोडायला सांगितलं. चेंडूकडे न बघता मारून झालं, डोळे मिटून मारून झालं. एका महिन्यात तर तो मारताना गुणगुणायचा, तेव्हा सोबतच्या खेळाडूने पंचांकडे तक्रार केली. हळूहळू नाव यादीत खाली खाली घसरलं. पहिल्या दहांत, मग तिसांत, मग टांगणीला.

या धंद्यात वर्षाच्या शेवटी गुणतालिकेतल्या पहिल्या साठ जणांना पुढच्या मोसमाचं टूर कार्ड, म्हणजे खेळायचा परवाना, मिळतं. एकसष्टावा घरी जातो. थोडक्या त्रेचाळीस वर्षांचा झाला होता. बायको म्हणाली होती, "नाही मिळालं तर नाही. जग बुडत नाही." तिचं चुकलं नव्हतं. एका सराव मैदानावर मोठ्या साहेब लोकांना सुट्टीच्या दिवशी स्विंग शिकवायची नोकरी त्याच्यासाठी तयारच होती. पण त्या नोकरीचा विचार मनात आला की तो पटर उचलून सरावाला लागायचा. आपण कोणीतरी होणार होतो, हे तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. कार्ड गेलं की ते सांगणंही बंद. रात्र रात्र झोप नव्हती, जेवण गिळायचं म्हणून गिळत होता. मदतीसाठी हाक मारायची तर मारायची कोणाला, तेही कळत नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा साठाव्या जागेसाठी दोघंच उरले होते. एक थोडक्या आणि दुसरा लंबू. दोघं एकाच वर्षी या धंद्यात उतरलेले, कित्येक वर्षं हॉटेलात एकाच खोलीत राहिलेले, एकमेकांचं घोरणं ओळखणारे. नशीब एवढं कुचकं की शेवटच्या फेरीत जोडीही या दोघांचीच लागली.

कपडे बदलायच्या खोलीत लंबू बाकावर आडवा होऊन पाठ शेकत होता. त्याची कंबर त्या वर्षी कामातून गेली होती.

"आज आपल्यातला एक जण मेला," तो छताकडे बघत म्हणाला.

"दोघंही मरू. तिसराच कोणीतरी घुसेल."

"नाही रे, मी बोर्ड बघून आलो. मी तुझ्या पुढे किंवा बरोबरीत आलो तर मी. तू एका फटक्याने जरी पुढे आलास तर तू." तो कण्हत उठला आणि त्याने थोडक्याच्या पाठीवर थाप मारली. "चल. जो मरेल त्याने संध्याकाळी रडायचं नाही."

पहिल्या सतरा भोकांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. दोन घाबरलेली माणसं जसं खेळतात तसं ते खेळले. याने फटका घालवला की तो घालवायचा. गोल्फमध्ये चार तास चालावं लागतं आणि प्रत्यक्ष चेंडू मारायला सगळे मिळून दोन-चार मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ माणूस स्वतःच्याच तावडीत असतो. थोडक्या त्या तावडीत पार पिळून निघाला. बाराव्या भोकावर त्याने एक सोपा पट घालवला तेव्हा ताईने त्याच्या हातात नुसती पाण्याची बाटली दिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

शेवटच्या भोकावर दोघं बरोबरीत होते. दोघांचे चेंडू सारख्याच फटक्यांत ग्रीनवर आले. थोडक्याचा भोकापासून चार फुटांवर, लंबूचा त्याच्याच मागे, बराच लांब. गणित सरळ होतं. लंबूचा आत गेला तर लंबू जिंकला. लंबूचा हुकला आणि थोडक्याने चार फुटांचा घातला, तर थोडक्या.

लांबचा माणूस आधी खेळतो. थोडक्याने रीतीप्रमाणे आपल्या चेंडूमागे नाणं ठेवलं आणि चेंडू उचलून ताईकडे पुसायला दिला. ते नाणं नेमकं लंबूच्या वाटेत येत होतं.

"जरा सरकव रे," लंबू म्हणाला.

हेही रोजचंच. नाण्याशेजारी पटरचं पातं टेकवायचं आणि नाणं उचलून पात्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. समोरच्याचा पट झाला की तसंच मोजून मूळ जागी परत आणायचं. न आणता खेळलं तर चुकीच्या जागेवरून खेळलं म्हणून दोन फटक्यांचा दंड. या खेळात प्रत्येक खेळाडूला ही भीती असते, म्हणून प्रत्येकाची काहीतरी खूण असते. थोडक्या सरकवलेलं नाणं पालथं ठेवायचा. पालथं दिसलं की समजायचं, परत न्यायचं आहे. त्याने नाणं उजवीकडे सरकवलं आणि पालथं ठेवलं.

लंबूने मारला. चेंडू आला, आला, सगळ्यांनी श्वास रोखले, आणि भोकाच्या ओठावर येऊन थांबला. लंबू तिथेच गुडघ्यांवर बसला. मग उठून त्याने एका बोटाएवढ्या फटक्याने चेंडू आत ढकलला आणि बाजूला जाऊन तोंड फिरवलं.

आता ग्रीनवर थोडक्या एकटा उरला. ताईने चेंडू दिला. त्याने तो नाण्यापुढे ठेवला आणि नाणं उचलायला वाकला. कानात नुसता रक्ताचा आवाज. बोटांत नाणं आलं तेव्हा त्याला दिसलं की ते पालथं आहे.

हात थांबला. फार वेळ नाही, पापणी लवेल एवढाच. त्याने मान वर करून ताईकडे बघितलं. ताई चेंडूच्या मागे उकिडवी बसली होती, एक डोळा मिटून. तिचा उघडा डोळा त्याच्या हातातल्या नाण्यावर होता. मग तो डोळा भोकाकडे गेला.

"सरळ," ती म्हणाली.

मूळ जागा उंचवट्याच्या कडेवर होती. तिथून चेंडू वळणार होता, आणि वळणारा चार फुटांचा पट म्हणजे थोडक्याच्या मनगटाला मेजवानी. या जागेवरून मात्र समोर सरळ, सपाट गवत होतं. आणि नवल म्हणजे हात शांत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. आता थांबलो, सगळं पुन्हा मांडलं, तर हा हात पुन्हा कधी असा राहायचा नाही, असं त्याच्या मनात आलं. कदाचित मी परत आणलंही असेल आणि नुसतं सुलटं करायचं राहिलं असेल, असंही आलं. हे खोटं आहे हे त्याला त्याच क्षणी माहीत होतं. त्याने नाणं खिशात टाकलं आणि मारला.

चेंडू भोकाच्या मधोमध पडला.

लोक ओरडले. समालोचकाला बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी नवीन वाक्य शोधावं लागलं असेल. ताईने बॅग खाली टाकली आणि येऊन त्याला मिठी मारली. तिने कानात काहीतरी म्हणावं म्हणून तो वाट बघत राहिला, पण ती बॅग उचलायला वळली. तिथून स्कोअर तपासायच्या लहानशा खोलीपर्यंत तो कोणाच्या तरी पायांनी चालल्यासारखा चालला. टेबलामागच्या बाईंनी आकडे वाचून दाखवले, "बरोबर?" असं विचारलं. तो 'हो' म्हणाला आणि त्याने सही केली. पेन चांगलं चाललं. बाईंनी अभिनंदन केलं, आणि आपल्याला आनंद का होत नाही, याचं त्याला त्या क्षणी खरंच आश्चर्य वाटलं.

लंबू गाड्या लावायच्या जागी भेटला. त्याने सामान आधीच डिकीत टाकलं होतं. डोळे लाल होते, पण तो हसला आणि थोडक्याला त्याने करकचून आवळलं.

"सुटलास लेका. तुझा पट बघून बरं वाटलं मला. देवाशपथ वाटलं."

"लंबू..."

"नको, काही बोलू नकोस, नाहीतर मी इथेच गळा काढीन." त्याने नाक पुसलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "अरे, एक विचारायचं राहिलं. मी तुला नाणं सरकवायला सांगितलं, ते तू परत ठेवलंस ना? मी तेव्हा तोंड फिरवून बसलो होतो. आठवण करून द्यायला हवी होती मी. मघापासून उगाच चुटपुट लागलीय."

लंबूच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. मित्राचं नुकसान आपल्या हातून होता होता राहिलं की काय, एवढीच त्याला काळजी होती. थोडक्याने तोंड उघडलं. काय बोलणार होतो, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"ठेवलं होतं," ताई म्हणाली. "मी बघितलं ना."

"झालं तर मग!" लंबूचे खांदे सैल पडले. "ताईने बघितलं म्हणजे विषय संपला." तो वाकून तिच्या पाया पडल्यासारखं करत गाडीत बसला, कंबर धरून कण्हला, हात हलवला आणि निघून गेला. त्याची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

गाडी ताई चालवत होती. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना गोदामं आणि पेट्रोल पंप सुरू झाले. उन्हं उतरत होती. बायकोचा फोन आला, तो थोडक्याने घेतला नाही. फोन वाजायचा थांबल्यावर त्याने विचारलं,

"मूळ जागेवरून लाइन काय होती?"

पुढच्या ट्रकला मागे टाकून झाल्यावर ताई म्हणाली, "उजवीकडे तीन बोटं."

"मी घातला असता?"

"घातला असतास."

आवाज तोच होता. याच आवाजाने वीस वर्षं त्याला बोटं मोजून दिली होती, आणि त्यावर त्याने डोळे झाकून सगळं लावलं होतं. थोडक्याने मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. खरं सांगतेय की नाही, ते त्याला कळेना. ताईकडे बघून काही कळत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं आणि त्याची पाचावर धारण बसली. पुढच्या मोसमात पहिल्याच ग्रीनवर ही उकिडवी बसेल, काहीतरी आकडा सांगेल, आणि मी काय करू? हिचं ऐकून मारता येणार नसेल तर ते कार्ड घेऊन मी करू काय?

"ताई, गाडी वळव."

तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "वळव. मी जाऊन सांगतो. चुकीच्या आकड्यावर सही केली म्हणून नाव काढून टाकतील, टाकू देत. लंबूला मिळेल. मी ती साहेब लोकांची नोकरी धरतो."

"तू धरशील," ताई म्हणाली.

तिने गाडीचा वेग कमी केला नाही.

"तुला नोकरी आहे. तुला घर आहे, बायको आहे. लोक तुला 'तो थोडक्या' म्हणून तरी ओळखतात. मला शाळेत कोण परत घेणार आहे रे आता? मी कुठे जाऊ?" तिचा आवाज चढला नव्हता, पण गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "सात वेळा दुसरा आलास ना? सातही वेळा तुझ्याशेजारी मीच उभी होते. माझ्याशी कोणी हातसुद्धा मिळवला नाही. मी तरी कधी काही मागितलं का तुझ्याकडे?"

आपण इतकी वर्षं आपलंच रडत बसलो, आणि शेजारी ही उभी होती, हे थोडक्याला आता कळलं. त्याची त्याला लाज वाटली. गाडी वळवायची खूण दाखवणारी पाटी आली आणि गेली. तो तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

बऱ्याच अंतराने ताईने बाहीने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि नेहमीसारखी बोलायला लागली. पुढच्या मोसमाची पहिली स्पर्धा नवीन मैदानावर आहे म्हणाली. ग्रीन बऱ्यापैकी सपाट आहेत. वारा फारसा नसतो. तुझ्या हाताला जमेल. तो मान हलवून हो हो म्हणत राहिला, आणि यातलं किती खरं धरायचं, ते ठरवत राहिला.